ओटीचे वाल

ते साल दोन हजार अठराचं. वैशाखातली टळटळीत दुपार, आणि तुळसाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून सुनेला विचारत होती,

"सुचिता, सुपाजोळ मी एक पुरचुंडी ठेवेल होती. लाल खणातली. कोणी उचलली का वं?"

सुचिता पाटा धूत होती. तिने मान वर केली. "कोणती पुरचुंडी, आत्याबाई?"

"वालाची. तनूच्या ओटीची."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून वड्या घालून दमलेल्या आम्ही पाचजणी चहा घेत होतो. माझा कप तोंडाशी तसाच थांबला. ती लाल पुरचुंडी आदल्या संध्याकाळी मीच सोडली होती. त्यातले वाल मीच घंगाळात ओतले होते. ते रात्रभर भिजले, सकाळी पाट्यावर वाटले गेले, आणि आता गच्चीवर, बाजेवर अंथरलेल्या धोतरावर, वड्या होऊन वाळत होते.

मी काही बोलले नाही. चहा मात्र मला पुढे प्यायला गेला नाही.

आमच्या कारंजातल्या या गल्लीत एक रीत आहे. लग्नघरचं पहिलं काम वड्यांचं. गल्लीतल्या प्रत्येक घरून मूठभर डाळ फडक्यात बांधून येते. कोणाची मुगाची, कोणाची उडदाची, कोणाच्या घरी डाळ नसेल तर चवळीसुद्धा चालते. त्या पुरचुंड्या एका सुपात जमतात. तिन्हीसांजेला गल्लीतली वयाने मोठी सवाष्ण त्या एकेक सोडते आणि सगळं एकाच भांड्यात भिजत घालते. घराघरांतलं एकत्र वाटलं जावं, एवढाच त्याचा अर्थ. त्या वर्षी मोठी सवाष्ण मी होते. तेव्हा हे होते. पंधरा पुरचुंड्या मी सोडल्या आणि सुपाला लागूनच सोळावी दिसली, ती लाल खणाची. आत काळपट तांबूस वाल. मला वाटलं, आहे कोणाच्या तरी घरचा मान. गाठ सोडली, वाल ओतले, आणि शाळेत चाळीस वर्षं वह्या-पुस्तकं नीट ठेवण्याची सवय म्हणून त्या फडक्याची चौकोनी घडी घालून खुंटीवर ठेवली.

तुळसाबाई त्या वेळी आत असती, तर तिने मला थांबवलं असतं. ती नव्हती. तिचे यजमान भगवंतराव बाजार समितीत मापारी होते. ते जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, आणि अशा मुहूर्ताच्या कामाला ती आपणहून परसात निघून जाई. तिला जा असं कोणी म्हटलं नव्हतं. ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

परसात तोवर ती रिकामी कधी बसली नाही, हे मात्र मी शपथेवर सांगेन. आमची आणि तिची मागची भिंत एकच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं परस दिसे. दहा हात रुंद आणि फार तर पंचवीस हात लांब जागा. त्यात काय नव्हतं, ते सांगणं सोपं. मोरीचं पाणी वाया जात नव्हतं. ते एका नालीतून आधी अळूला, मग केळीला, आणि उरलंसुरलं शेवग्याच्या मुळाशी जाई. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. ढेमसं, दोडकी, कारली कापसाच्या पऱ्हाटीच्या मांडवावर. खाली सावलीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक. वांग्याच्या ओळीत मध्येच झेंडू, कारण झेंडू असला की कीड कमी, असं ती म्हणे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येई तेव्हाही ते परस हिरवं राही. मी एकदा विचारलं, "तुळसाबाई, एवढं पाणी आणता कुठून?"

"आणतो कुठून, बाई? आंघोळ करतो ते केळीजोळ करतो. अंगाले लागलं तेच तिले लागते."

मला ती बाई म्हणायची, मास्तरीण म्हणून. वयाने ती माझ्याहून सात वर्षांनी लहान होती. शाळा मी शिकवली, पण झाडाविषयी जे काही मला कळतं, ते त्या खिडकीतून. मिरचीचं रोप दुपारी मान टाकतं ते तहानेने नाही, उन्हाने, संध्याकाळी आपोआप उभं राहतं, तेव्हा दुपारी पाणी घालू नये. मुंग्या एका रांगेत चढायला लागल्या की पानाच्या पाठीमागे मावा आहे असं समजावं. साळुंक्या जमिनीवर उतरून भांडायला लागल्या की माती भुसभुशीत झाली, आता पेरायला हरकत नाही. हे सगळं ती शिकवायला म्हणून सांगत नसे. काम करता करता स्वतःशी बोलत असे, आणि मी भांडी घासता घासता ऐकत असे.

भाजी ती अर्ध्या गल्लीला द्यायची. टोपलीतून विकायचीही, तशीच तर तिने दिनेशला शिकवला, एसटीत कंडक्टर केला. पण एक वेल मात्र वेगळा होता. वालाचा. पूर्वेच्या कोपऱ्यात, बुजलेल्या विहिरीच्या जुन्या दगडापाशी. शेंगेला जांभळा काठ, फूल जांभळं, आणि वाळलेल्या बियाला एका कडेने पांढरी शिवण, जणू कोणी बारीक टाका घातला आहे. हा वाल धनजचा, तिच्या माहेरचा. एकोणीसशे बहात्तरला ती सतरा वर्षांची नवरी होऊन कारंजाला आली, तेव्हा तिच्या आईने तिच्या ओटीत नारळाबरोबर हे मूठभर बी घातलं होतं. बहात्तर साल. त्या वर्षी धान्य मिळत नव्हतं. ओटीत घालायला गहू नव्हते, म्हणून आईने वाल घातले.

"माय म्हणे, गहू खाऊन टाकशीन. वाल पेरशीन."

आईने एक अट घातली होती. शेंगा कोणालाही द्याव्यात, बी मात्र लेकीच्या ओटीतच जावं, हातात नाही. तुळसाबाईला लेक झाली नाही. धनजच्या घरी भावाने परसात खोल्या बांधल्या, तिथला वेल गेला. म्हणजे जगात तो वेल एवढाच. शेहेचाळीस वर्षं ती दर नागपंचमीच्या सुमाराला तो लावत होती, दर माघात चांगल्या शेंगांना लाल चिंधी बांधून वेलीवरच वाळू देत होती, आणि बी राखेत घालून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात जपत होती. मी मागितलं, तर मलाही दिलं नव्हतं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आणि आता नात, तनुजा, लग्नाला उभी राहिली होती. ओटीची पाळी शेहेचाळीस वर्षांनी आली होती.

त्या वर्षी माघात वांदरांची टोळी आली. सोहोळच्या जंगलाकडून येतात, पत्र्यांवरून उड्या मारत. एका सकाळीत वेल ओरबाडून गेली. चिंधी बांधलेल्या शेंगांतल्या स्वयंपाकघराच्या छपराखालच्या तेवढ्या वाचल्या. त्यांचं निघालं ते एक ओंजळ बी. ते सगळंच राखेतून काढून, पुसून, तिने नव्या खणात बांधलं होतं आणि ओटीच्या सामानात जावं म्हणून स्वयंपाकघरात ठेवलं होतं. सुपाच्या शेजारी.

तर त्या दुपारी घरात शोधाशोध सुरू झाली. डबे उघडले, गाद्या झटकल्या. दिनेश ड्यूटीवरून आला होता, तो बायकोवर चिडला.

"तुले लक्ष देता येत नाई का? एक गोष्ट सांभाळली नाई तिची."

"मी कुठी कुठी पाहू हो?" सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरात वीस बायका येऊन राह्यल्या, जाऊन राह्यल्या."

मी तेव्हाही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तुळसाबाई मात्र शोधत नव्हती. तिने खुंटीवरचं ते घडी घातलेलं लाल फडकं काढलं, उलगडून पाहिलं, परत घडीवर घडी ठेवली. मग गुडघ्यावर हात देत गच्चीचा जिना चढली. आम्ही खाली तिची वाट पाहिली. खाली आली तेव्हा तिच्या तळहातावर एक ओली वडी होती. मुगाच्या पिवळ्या पिठात तांबूस ठिपके.

"आहेत," ती म्हणाली. "सगळे वर आहेत. वाळून राह्यले."

तनुजा आजीजवळ गेली. "आजी, जाऊ दे ना. मी पुन्यात चौथ्या मजल्यावर राहणार. तिथं वेल कुठी लावणार होती मी?"

तुळसाबाईने तिच्याकडे पाहिलं. "ते तुह्यं तू पाह्यलं असतं," एवढंच म्हणाली, आणि वडी घेऊन परसात गेली.

संध्याकाळी मी मागच्या दाराने तिच्याकडे गेले. ती वाळलेल्या वालाच्या वेलाला पाणी घालत होती. वेल पुरता वाळला होता, पण तो काढला नव्हता, कारण त्यात बुलबुलाने घरटं केलं होतं. लग्नाच्या मांडवाचा खांब तिथेच यायचा होता, तर तिने मांडववाल्याला दोन हात सरकवायला लावला होता. आत तीन पिल्लं चोची वासून बसली होती.

"वाळलेल्याला पाणी कशाला?" मी विचारलं. बोलायला काहीतरी हवं होतं.

"खाली माती थंडी राह्यली तं पिल्लं दम धरतीन. चवेचाळीस डिग्री आहे म्हणे आज."

मी शेवग्याला धरून उभी राहिले. "तुळसाबाई, ती पुरचुंडी मी सोडली."

"माहीत आहे."

"कसं?"

"फडक्याची अशी घडी ह्या गल्लीत दुसरी कोण घालते, बाई? आमच्या इथं फडकं बोळा करून फेकतात." तिने तांब्या खाली ठेवला. "तुमी बोलान म्हणून मी वाट पाहून राह्यली होती."

"तुम्ही सगळ्यांसमोर नाव का नाही घेतलं?"

"घेऊन काय होते? वडीचं बी होते का?" मग घरट्याकडे पाहत, "चूक माह्यी बी आहे. शेहेचाळीस वर्ष एकाच तुंब्यात ठेवलं. धाकट्या जावेनं मांगतलं, नाई म्हटलं. तुमी मांगतलं, नाई म्हटलं. मायनं सांगतलं ते धरून बसली. मायले काय माहीत होतं का मले लेक होणार नाई म्हणून?"

मी आत जाऊन सुचिताला आणि दिनेशला खरं सांगितलं. सुचिता म्हणाली, "बाई, तुमी दुपारीच सांगतलं असतं तं मी एवढी रडली नसती." ते तिचं बरोबर होतं.

आता भागिरथीविषयी सांगायला हवं, कारण ती मध्ये आली नसती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तुळसाबाईच्या डाव्या हाताला कांतीलालशेठचं घर. बाजारात किराणा. भागिरथी त्यांची बायको. जैनांचं घर, कडक. कांदा नाही, बटाटा नाही, गाजर-मुळा नाही, वांगं नाही. आठम म्हणजे अष्टमी आली की हिरवं नाही, चौदस आली की हिरवं नाही. पर्युषणात तर विचारायलाच नको. तुळसाबाई भिंतीवरून तिला सारखी टोचायची.

"भागिरथीबाई, तुमच्या कॅलेंडरात भाजी खायचे दिवस कोन्ते आहेत, तेवढे मले लिहून द्या. बाकी दिवस मी तुमच्या दाराकडे फिरकत नाई."

"तू कायले लिहून घेते? तुले वाचता येते का?" भागिरथी भिंतीपलीकडून म्हणे.

"मास्तरीणबाई वाचून दाखवतीन."

पण तिच्यासाठी ती वालाच्या शेंगा राखून ठेवायची. कोवळ्या गल्लीला जात. ज्या जून होऊन टणक झाल्या, भाजीला नको वाटत, त्या भागिरथी आवडीने घेई. का घेई, हे तुळसाबाईने कधी विचारलं नव्हतं. चिंधी बांधलेल्या शेंगा म्हणजे बी, बाकीच्या म्हणजे खाणं, असा तिचा हिशेब ठाम होता. खायला दिलं, ते संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागिरथी मागच्या दाराने आली. पायाखाली पाहत, मुंग्या चुकवत, नेहमीसारखी हळूहळू. पदराखाली काचेची बरणी होती.

"तुळसा, काल तुह्या घरी काय झालं, ते भिंतीवरून ऐकलं मी. मले रात्री उशिरा याद आली." तिने बरणी ओट्यावर ठेवली. "हे तुह्येच आहेत का, पाह्य बरं."

बरणीच्या तळाशी वाल होते. काळपट तांबूस, पांढरी शिवण असलेले.

तुळसाबाईने बरणीला हात लावला नाही. नुसती पाहत राहिली. "हे कुठून आले?"

"मार्गशीर्षात तू जून शेंगा दिल्या होत्या. वांदरं आले त्याच्या पहिले. मी सोलून सुकवते दरसाल. आठम-चौदसले हिरवं चालत नाई, मग घरात काय शिजवू? हे वाळलेले वाल चालतात. परवा आठम झाली. मी भिजवणार होती, तं शेठ म्हणाले पोट जड आहे, आज नुसती मुगाची डाळ कर." तिने बरणी पुढे सरकवली. "आठम चुकली म्हणून एवढे उरले. नाही तं परवाच संपले असते."

"उकडून वाळवले का?" तुळसाबाईने विचारलं. मला कळलं, सगळं या एका प्रश्नावर होतं. आमच्याकडे वाल उकडूनच वाळवतात, किडत नाहीत म्हणून.

"नाई बाप्पा. उकडले तं मग आमच्यात चालतात का नाई, त्याची आमच्या सासूबाईले शंका होती. आमी नुसते उन्हात ठेवतो. अन् एक एक पाहून. ज्याले भोक असन, तो वेगळा काढून झाडाखाली ठेवते मी. आत जीव राह्यते."

तुळसाबाईने बरणी पालथी केली. एकोणीस दाणे. तिने दोन बोटांत एकेक धरून उजेडाकडे पाहिला, दातावर हलकेच दाबून पाहिला, सुपात ठेवला. मग म्हणाली,

"पाच उगवू घालतो. उगवले तं बाकीचे ओटीत."

"अन् नाई उगवले तं?" सुचिताने विचारलं.

"तं नाई. मेलेलं बी लेकीच्या ओटीत घालीन का मी?"

मला राहवलं नाही. "अहो, चौदाच राहतील मग. सगळेच घाला ना ओटीत. उगवतील तेवढे उगवतील."

"बाई, तुमी पोट्ट्यांची परीक्षा न घेता पास करत होत्या का?"

लग्नाला बारा दिवस होते. पाच दाणे तिने रात्रभर कोमट पाण्यात ठेवले आणि सकाळी ओल्या फडक्यात बांधून माठाच्या बुडाशी, सावलीत ठेवले. फडकं तेच, लाल खणाचं. गल्लीत त्याची बातमी झाली. येणारी जाणारी माठापाशी वाकून विचारी. सगळ्यांत जास्त भागिरथी. मोड आलेलं धान्य त्यांच्या घरात शिजत नाही, ती कधी हातातही घ्यायची नाही. आणि तीच बाई रोज सकाळी देवळातून येताना दारात थांबून विचारायची,

"आला का वं मोड?"

"तुमी मोडाची कायले चौकशी करता? पाप लागन," तुळसाबाई म्हणायची.

"खायचं पाप. पाहायचं नाई."

पहिला दिवस काही नाही. दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी एक दाणा मऊ पडून त्याला वास सुटला, तो तिने बाजूला काढला. त्या दिवशी दुपारी मी तिला प्रथमच परसात रिकामी बसलेली पाहिली. हात मांडीवर, डोळे बुलबुलाच्या घरट्यावर. मी खिडकीतून हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे ती माझ्या दारात उभी होती. फडकं पसरलं. चार दाण्यांची शिवण फाटून पांढरी, वाकडी बोटं बाहेर आली होती.

"चार," ती म्हणाली. "पाचातले चार. पुष्कळ झाले."

मी चहा ठेवते म्हटलं तर थांबली नाही. तिला ते भागिरथीला दाखवून करवंट्यांतल्या ओल्या मातीत रोवायचे होते.

लग्न बायपासच्या मंगल कार्यालयात झालं. नवरा मुलगा पवन वाशीमचा, नोकरीला पुण्यात. ओटीच्या वेळी सुचिताने तबक घेतलं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. तुळसाबाई मागे, खांबाला टेकून उभी होती. चौदा वाल तिने सुचिताच्या हातात आधीच दिले होते. "तूच घाल," असं मी माझ्या कानाने ऐकलं.

सुचिताने नारळ घातला, तांदूळ घातले. वालापाशी तिचा हात थांबला. तिने मागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या सगळ्यांत मोठी सवाष्ण. कोणी काही म्हणायचं तर मीच म्हणायला हवं होतं. वड्यांच्या दिवशी मी म्हटलं नव्हतं.

मी उठले आणि तुळसाबाईचा हात धरला. "चला. हे तुमच्या हातचं आहे."

"बाई, लोकं आहेत."

"असू द्या. मी शेहेचाळीस वर्षांचं बी एका रात्रीत वाटून टाकलं, त्यापेक्षा काय मोठं होणार आहे?"

भागिरथी पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाली, "जाय ना वं. आमी काय बसून राहायले आलो का?"

तनुजाने पदर पसरला, तो आईकडे नाही, आजीकडे. तुळसाबाईने वाल एकेक करून सोडले. मोजत होती. ओठ हलत होते. चौदावा सोडला आणि हात नातीच्या पदरावर तसाच ठेवला, बियांना ऊब द्यावी तसा. मग मांडवात मागे कोणी काही बोललं असेल, तर ते मला ऐकू आलं नाही.

घरी परत आलो तेव्हा बुलबुलाची पिल्लं उडून गेली होती. दुसऱ्या दिवशी तुळसाबाईने वाळका वेल उतरवला, आणि करवंट्यांतली ती चार रोपं चार ठिकाणी लावली. दोन तिच्या परसात. एक भागिरथीच्या भिंतीलगत, भागिरथी म्हणाली तिला खणता येणार नाही, तर स्वतः खड्डा करून. चौथं माझ्या अंगणात. पुढच्या माघात माझ्या वेलाच्या शेंगांना चिंध्या बांधायला तीच आली, आणि बी निघालं तेव्हा लाल खणाचं ते फडकं मला देऊन म्हणाली, "आता हे तुमच्याजोळ राहू द्या. जो मांगन त्याले द्या. ओटीत द्या, हातात द्या, पोस्टानं धाडा."

त्या ठिपक्यांच्या वड्या तिने फेकल्या नाहीत. चातुर्मासात एकदा मला जेवायला बोलावून त्यांचा रस्सा केला. "खा," म्हणाली, "शेहेचाळीस वर्षांची चव आहे." छान झाल्या होत्या.

पुढे कोणाचं काय झालं ते सांगते.

कांतीलालशेठ दोन हजार वीसमध्ये गेले, भागिरथी त्याच्या पुढच्या वर्षी. दुकान आता मुलगा संयम पाहतो. त्याची बायको रुचा अजून आठम-चौदस पाळते आणि तीच बरणी भरते, फक्त थोडे दाणे वेगळ्या डबीत काढते, आणि नागपंचमीला ते आमच्याकडे पाठवते.

दिनेश अजून एसटीतच आहे. सुचिताने परस तसंच ठेवलं आहे. ढेमसं तिला तुळसाबाईसारखी येत नाहीत, अळू मात्र तिचं जास्त चांगलं येतं.

तनुजा पुण्यात चौथ्या मजल्यावर. गॅलरीच्या जाळीवरून वेल वरच्या मजल्यापर्यंत गेला आहे, पाचव्या मजल्यावरचे लोक शेंगा तोडतात आणि कधी कधी चकल्या पाठवतात. तिला मुलगी झाली. फोटोत मुलीच्या मुठीत जांभळं फूल आहे.

तुळसाबाई दोन हजार बावीसच्या कार्तिकात गेली. सकाळी पाणी घालून आली, म्हणाली थोडं पडते, आणि उठली नाही. वेल फुलावर होता. तिच्या अंगावर घालायला सुचिता फुलं काढायला गेली, आणि वालाच्या फुलांना तिने हात लावला नाही. म्हणाली, "ह्या शेंगा होऊ द्या. त्यायलेच पायजे होत्या." बाकी झेंडूच घातला.

आमचे हे मागच्या वर्षी गेले. आता मी सवाष्ण नाही. पण यंदा गल्लीतल्या रामकिसनच्या मुलीच्या वड्यांना मला घरून न्यायला सुचिता आली, आणि सूप माझ्यापुढेच ठेवलं. पुरचुंड्या सोडण्याआधी मी एकेक उचलून विचारते, "ही कोणाच्या घरची?" आता सगळ्याजणी मी विचारायच्या आधीच आपलं नाव सांगतात. सोडलेल्या फडक्यांची घडी मी घालत नाही. गल्लीतल्या बाकीच्यांसारखी मीही ती फडकी चुरगळलेलीच बाजूला पडू देते.